मुलं रुळली, ताईचं काय?

'सेटल' हा मुलुंडमध्ये अस्सल मराठी शब्द आहे. विश्वास बसत नसेल तर संध्याकाळी पाच रस्त्यावर भाजी घेत उभे राहा, किंवा कालिदासला नाटकाच्या मध्यंतरात वड्याच्या रांगेत. 'धाकटा कुठे असतो?' 'न्यू जर्सीला. सेटल झाला तिकडे.' 'आणि मुलगी?' 'ती सिंगापूरला सेटल.' विषय संपला. पुढचा प्रश्न थेट कांद्याच्या भावावर.

माझी ताई, जिजू आणि त्यांची दोन पिल्लं ऑगस्ट २०२२ मध्ये म्युनिकला गेली. पोरगी पाच वर्षांची, पोरगा तीनचा. त्यांचं विमान अजून वाटेत होतं, तेव्हाच समोरच्या काकूंनी लिफ्टमध्ये आईला विचारलं, 'काय मग, झाली का मंडळी सेटल?' आणि आईही 'हो, झाली' म्हणाली! चार माणसं, आठ बॅगा, एक कुकर. सेटल.

जिजूंचं पटकन सांगून टाकते, कारण तिथे फारशी स्टोरीच नाही. ते सॉफ्टवेअरवाले. जर्मनीने २०१२ पासून शिकलेल्या परदेशी लोकांसाठी 'ब्लू कार्ड' नावाची सोय केली आहे, त्यावर गेले. ऑफिसात सगळे इंग्रजी बोलणारे, टीममध्ये दोन पुणेकर, कॅन्टीनमध्ये रोज एक व्हेज पदार्थ. तीन आठवड्यांत माणूस रुळला. अंधेरीच्या एमआयडीसीतून उचलून थेट तिथे ठेवल्यासारखा. फरक एवढाच की, इथे घाटकोपरला मेट्रो बदलताना शर्टची इस्त्री जायची, तिथे जात नाही.

ताईची गोष्ट वेगळी. ती फिजिओथेरपिस्ट. मुलुंड वेस्टला एका क्लिनिकमध्ये सात वर्षं काम केलेली, अर्ध्या एलबीएस रोडचे गुडघे तिने चालते केलेत असं आम्ही गमतीने म्हणायचो. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मन यावंच लागतं असं नाही. तरीही ती जायच्या आधी काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात ए-वन शिकायला जायची. सकाळची फास्ट लोकल, मुलुंड ते सीएसएमटी, उभ्याने 'डेर-डी-दास' पाठ करत. (ज्या मॅक्सम्युलरच्या नावाने ही संस्था आहे, तो संस्कृतचा एवढा मोठा पंडित आयुष्यात एकदाही भारतात आला नव्हता. ताई म्हणायची, 'लकी माणूस. घरी बसून भाषा शिकला!')

तिकडे पोचल्यावर पहिलं काम होतं मुलांसाठी 'किटा' शोधणं. किटा म्हणजे आपलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. जर्मनीत २०१३ पासून एक वर्षाच्या वरच्या प्रत्येक मुलाला अशा जागेचा कायदेशीर हक्क आहे. वाचायला किती छान वाटतं ना? पण हक्क असणं आणि जागा मिळणं यात म्युनिकमध्ये तेवढंच अंतर आहे, जेवढं आपल्याकडे रिझर्व्हेशन असणं आणि विंडो सीट मिळणं यात. ऑनलाइन अर्ज, फोन, पुन्हा फोन, 'वेटिंग लिस्टवर आहात'. सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत नॉयपर्लाखच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात ताई आणि दोन मुलं. नॉयपर्लाख म्हणजे म्युनिकच्या टोकाचं उपनगर, उंच उंच बिल्डिंगांचं, मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनांजवळ. एका अर्थाने मुलुंडच! फक्त आवाज काढलेलं. रात्री दहानंतर मिक्सर नाही, रविवारी ड्रिल नाही, रविवारी दुकानंही नाहीत. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा दारावर चिठ्ठी लावली की, मुलं घरात पळतात. ताईने मला तिचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'पळणार नाहीत तर काय करणार?'

फेब्रुवारी २०२३ मध्ये शेवटी दोघांनाही एकाच किटात जागा मिळाली आणि माझी रवानगी म्युनिकला झाली. का? तर मी फ्रीलान्स. आमच्या घरच्या डिक्शनरीत फ्रीलान्स म्हणजे रिकामी. तीन आठवडे ताईला मदत कर, लॅपटॉप काय कुठेही उघडतो.

तिथे मी एक शब्द शिकले. 'आइनगेव्योनुंग'. सवय होणं, अंगवळणी पडणं, म्हणजे आपलं रुळणं. पण जर्मन लोकांनी त्याची रीतसर पद्धत केली आहे. १९८० च्या दशकात बर्लिनमध्ये तिचा एक नमुना तयार झाला, तो आता देशभर चालतो. नव्या मुलाला दारात सोडून आईने निघून जायचं नाही. पहिले तीन दिवस आईने किंवा बाबांनी वर्गात एका कोपऱ्यात बसायचं, तासभरच. खेळायचं नाही, ढकलायचं नाही, नुसतं असायचं. चौथ्या दिवशी 'मी जाऊन येते' असं स्पष्ट सांगून काही मिनिटं बाहेर जायचं. मूल बाईंकडून समजावून घेतं का ते बघायचं. घेत असेल तर वेळ वाढवायची, नसेल तर पुन्हा कोपऱ्यात. चोरून निघून जाणं साफ मना. आपल्याकडे जून महिन्यात शाळांच्या गेटवर जी रडारड चालते, आणि 'जा हो तुम्ही, थांबेल तो' म्हणत मावशीबाई पोराला उचलून आत नेतात, ती आठवली की ही पद्धत जाम शहाणी वाटते. मी तरी तिच्या प्रेमात पडले.

पोरगा पहिले पाच दिवस रडला, सहाव्या दिवशी त्याला चिखलात खेळायची प्लास्टिकची पँट मिळाली. 'माचहोझे' म्हणतात तिला. पाऊस असो, बर्फ असो, ती चढवून मुलांना बाहेर सोडतात. संपला प्रश्न! दोन आठवड्यांत तो वळून टाटासुद्धा करेना.

पोरगी मात्र गप्प झाली. अगदी ठार गप्प. आमच्या बिल्डिंगमध्ये वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांशी गप्पा हाणणारी ही मुलगी, किटात सकाळी आठ ते दुपारी तीन एक शब्द बोलायची नाही. मान हलवायची, बोट दाखवायची. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, मी परत आले, एप्रिल गेला. घरी मराठीतून तोंड चालू, पण किटाच्या दारात कुलूप.

मुलुंडमध्ये आणीबाणी जाहीर झाली. रोज व्हिडिओ कॉल. त्यात जर्मनीचं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे सरकतं, म्हणजे हिवाळ्यात आपल्याशी साडेचार तासांचा फरक आणि उन्हाळ्यात साडेतीनचा. 'सरकार घड्याळ कसं काय फिरवतं?' हा बाबांचा वेगळाच ताप. आईचं म्हणणं, घरी मराठी बंद करा, निदान इंग्लिश तरी बोला, पोर गोंधळलीय. त्याच मार्चमध्ये राणी मुखर्जीचा 'मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे' आला. नॉर्वेतल्या सरकारी यंत्रणेने भारतीय जोडप्याची मुलं काढून नेल्याच्या खऱ्या घटनेवरचा. आईने तो मुलुंडच्या मल्टिप्लेक्समध्ये शेजारणींबरोबर पाहिला आणि रात्री ताईला फोन करून सांगितलं, 'तिला हाताने भरवू नकोस गं, कोणी बघेल.'

किटाच्या बाई मात्र शांत होत्या. त्यांनी ताईला सांगितलं ते असं: ती ऐकतेय, साठवतेय, नवी भाषा शिकताना बरीच मुलं अशी गप्प होतात. तुम्ही घरी तुमचीच भाषा बोला, भरपूर बोला, गोष्टी सांगा. तुमचं मोडकंतोडकं जर्मन घरी तिच्याशी बोलू नका, ते आम्ही बघतो. मला हे फार आवडलं. मराठी माणसाला मराठी बोला हे सांगायला बवेरियातल्या बाई लागल्या.

जूनमध्ये एक दिवस धाकट्याने तिची सायकल घेतली आणि 'ही तुझी नाहीये' म्हणाला. ती ओरडली, 'डोख!' हा शब्द म्हणजे जर्मन भाषेची कमाल आहे. समोरच्याने 'नाही' म्हटलं की ते एका झटक्यात उलटवून टाकायचा, 'आहेच मुळी!' असा. पहिला शब्द बोलली तो भांडणाचा. मुलुंडची पोरगी, अजून काय! त्यानंतर नळ सुटला तो सुटलाच. बवेरियात जर्मन कमी येणाऱ्या मुलांसाठी शाळेआधी २४० तासांचा पूर्ववर्ग असतो. तिच्या वाट्याला त्याचे शेवटचे काही महिनेच आले, तेवढे पुरले. सप्टेंबर २०२३ मध्ये ती पहिलीत गेली, तेव्हा तिथल्या रिवाजाप्रमाणे हातात तिच्या छातीपर्यंत येणारा कागदी कोन होता, खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला. आईने पार्सलने पाठवलेल्या राजगिऱ्याच्या चिक्क्याही त्यातच.

म्हणजे मुलं रुळली. एकाला दोन आठवडे, एकीला चार महिने. मग ताईने स्वतःचे कागद काढले.

जर्मनीत नवरा ब्लू कार्डवर असेल तर बायकोला कुठलीही नोकरी करायची मुभा आहे. अमेरिकेत एच-फोर व्हिसावरच्या बायकांना २०१५ पर्यंत मुळीच परवानगी नव्हती, आणि त्यानंतरही फक्त काही जणींनाच, ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्ड एका टप्प्यापर्यंत पोचलंय. त्या मानाने ताईला सगळं मोकळं. फक्त 'कुठलीही' या शब्दात फिजिओथेरपी बसत नाही. तो परवानाधारकांचा व्यवसाय. त्यासाठी परदेशी शिक्षणाला मान्यता घ्यावी लागते, आणि बी-टू पातळीचं जर्मन. आता गंमत बघा. ताईच्या वेळी आपल्याकडे ही साडेचार वर्षांची पदवी होती, इंटर्नशिप धरून. जर्मनीत पारंपरिक पद्धतीने हा तीन वर्षांचा व्यवसाय-अभ्यासक्रम आहे. साडेचार वर्षंवालीने तीन वर्षंवाल्यांच्या विषयांशी तासन्‌तास जुळवून दाखवायचे. कुठल्या वर्षी मसाजचे किती तास, पाण्यातल्या व्यायामाचे किती. कॉलेजचं पत्र, त्याचं शपथेवरचं भाषांतर, पुन्हा एक पत्र. तिच्या नवी मुंबईतल्या कॉलेजात सहीसाठी मीच चार वेळा गेले. पाचव्यांदा क्लार्क म्हणाला, 'मॅडम, त्या तिकडे सेटल आहेत ना, मग आता कशाला डिग्री?'

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. जिजूंचा पगार पुरेसा, शिवाय २०२३ मध्ये दर मुलामागे सरकारचे महिन्याला २५० युरो मिळायचे. मुलं लहान. बाहेर बर्फ. घरी बस की! आमच्या आईनेही हे म्हणून पाहिलं. ताईने उत्तर दिलं नाही. ती त्या वर्षात एकूणच कमी बोलत होती, हे मला नंतर तिचे मेसेज पुन्हा वाचताना दिसलं. लांबलचक व्हॉइस नोट्सच्या जागी अंगठे. मुलीच्या गप्प बसण्यावर आम्ही रोज बैठका घेतल्या. ताईच्या गप्प बसण्यावर एकही नाही. तिच्यासाठी कुठल्या वर्गाच्या कोपऱ्यात कोण बसलं होतं?

आई बसली असती. २०२३ च्या उन्हाळ्यात ती गेलीही होती. शेंगेन व्हिसा, १८० दिवसांत ९० दिवस, ३० हजार युरोंचा विमा. तीन महिन्यांत मोदकांपासून गोधडीपर्यंत सगळं झालं आणि ९० दिवस भरायच्या आत ती परत. मार्च २०२४ पासून जर्मनीने कुशल कामगारांच्या आईवडिलांनाही राहायला बोलवायची वाट उघडली, पण ज्यांना पहिला परवाना १ मार्च २०२४ नंतर मिळाला त्यांच्यासाठीच. आमची मंडळी दीड वर्ष लवकर गेली. लवकर निघणाऱ्याला जागा मिळते हा लोकलचा नियम तिथे चालत नाही.

ताईने बी-टू केलं ते मुलांना झोपवून, रात्री, किचन टेबलावर. म्युनिकच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिला एक नाशिकची मुलगी भेटली, तीही फिजिओ, दोन पावलं पुढे असलेली. तिने नोट्स दिल्या, कुठल्या फॉर्मवर काय लिहायचं ते सांगितलं. मंडळांचे झिम्मा-फुगडीचे फोटो बघून मी पूर्वी नाक मुरडायचे. पण त्या हॉलमध्ये चकलीच्या डिशेसवरून जे काम होतं ते कुठल्याही वेबसाइटवर होत नाही. २०२४ मध्ये निकाल आला: काही विषय कमी पडतात, परीक्षा द्या किंवा एखाद्या हॉस्पिटलात देखरेखीखाली काम करून दाखवा. तिने काम करून दाखवायचं निवडलं. जिजूंनी त्या महिन्यांसाठी ऑफिसचे तास कमी करून घेतले, मुलांचे डबे त्यांच्याकडे. (डब्यात रोज चीज-ब्रेड. असो.)

हॉस्पिटलात तिच्या वाट्याला आलेल्या पहिल्या पेशंट म्हणजे ऐंशीच्या पुढच्या एक आजी, गुडघा बदललेला. जिना चढायला शिकवायचं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे वाक्य ताईने मुलुंडमध्ये मराठी, हिंदी आणि गुजरातीत हजारदा म्हटलं असेल. जर्मनमध्ये म्हणताना ती 'गुडघ्या'चं लिंग चुकली. आजी पायरीवर थांबल्या, 'दास क्नी' अशी दुरुस्ती केली आणि मग पाय उचलला.

त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी अकरा मिनिटांची व्हॉइस नोट आली. मी ती मुलुंड ते ठाणे रिक्षात ऐकली, मग घरी आईला ऐकवली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'त्या आजींच्या घरी करायला कोणी आहे का, विचार तिला.'