तारा, केळं आणि सिंहगडाचा घाट

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी दातांना तारा लावून घेणं म्हणजे प्रोजेक्ट लाईव्ह गेल्यावर डेटाबेस बदलायला घेणं. आधी कोणाचं लक्ष नसतं, आता जो तो विचारतो, "आत्ता? या वयात?" असो.

तर झालं असं, की शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरांनी तारा आवळल्या आणि शनिवारी पहाटे आमची सिंहगडाची राईड ठरलेली. ज्यांनी हे भोगलंय त्यांना सांगायला नको, आवळल्यानंतर दोन-तीन दिवस मऊ भात चावतानाही दाढा ठणकतात. त्यामुळे रात्री वाटीभर वरण आणि पहाटे चहा. बस्स.

खडकवासल्याला नेहमीप्रमाणे थांबलो. कोणी भाजलेलं कणीस घेतलं, कोणी चिक्की काढली. मला दोन्ही बंद, कारण कडक आणि चिकट खाण्याने ब्रॅकेट निघून येतं. पण खरं सांगतो, माझ्या खिशात एक केळं होतं. ते सहज खाता आलं असतं. पण केळं तारांत अडकतं आणि बोलताना दिसतं. त्यात त्या दिवशी ग्रुपमध्ये दोन नवीन जण आलेले. "नको रे, पोट भरलंय," असं म्हणून मी उगाच टायरची हवा तपासत बसलो.

यातलं शास्त्र मला तोंडपाठ होतं, ही त्यातली गंमत. स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन जोर लावून चालवताना दीड-दोन तासांत संपत येतं. म्हणून लांबच्या राईडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतं. नवीन मंडळींना हे लेक्चर मीच दिलं होतं!

घाट अर्धा चढलो आणि पाय गेले. दमलो असं नाही, पाय गेलेच. थंड घाम, हातांना कापरं, गिअर वर टाकायचा की खाली तेही सुचेना. मागून जीपचा हॉर्न अगदी कानाशी वाजला तेव्हा कळलं, की मी रस्त्याच्या मधोमध आलोय. जीपवाला ओरडून गेला. कशीबशी सायकल कडेला घेतली आणि मटकन खाली बसलो.

पुढच्या वळणावर एक मावशी दह्याची मडकी मांडून बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली, "काय खाल्लंस का न्हाई रं सकाळपास्नं?" मी तोंड उघडून तारा दाखवल्या. त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी काढली, दह्यात बारीक कुस्करली, वर दोन चमचे साखर घातली. म्हणाल्या, "आमच्या मामंजींना एक बी दात न्हाई. त्यांना असंच देते. पर लाजून उपाशी न्हाई ऱ्हात ते."

काय बोलणार?

दहा-पंधरा मिनिटांत डोकं ताळ्यावर आलं. तेवढ्यात मागे राहिलेला एक नवीन मेंबर पोचला. माझ्या तारांत भाकरी, ओठांवर दही. त्याने वाडग्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "मावशी, मला पण मिळेल का?" बास, एवढंच. ज्या लाजेपायी मी जीपखाली जाणार होतो, तिची किंमत एवढीच निघाली.

तेव्हापासून काही गोष्टी बदलल्यात. तारा आवळायची अपॉइंटमेंट सोमवारी. राईडला पिकलेली केळी, मऊ इडल्या, कुस्करलेला बेसनाचा लाडू. दोन बाटल्या: एकीत लिटरभर पाण्याला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (सपाट चमचे, चहाचे), दुसरीत नुसतं पाणी. साखरेचं पाणी सारखं घोट-घोट प्यायचं नाही. तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात, ब्रॅकेटभोवतीचं एनॅमल झिजतं आणि तारा काढल्यावर दातांवर पांढरे डाग राहतात. म्हणून एकदाच प्यायचं आणि लगेच साध्या पाण्याने चूळ भरायची. सुटलेली तार गालाला टोचू नये म्हणून खिशात मेणाची डबी. आणि हो, छोटा आरसा. तो मात्र खाऊन झाल्यावर बघायचा, आधी नाही.

तारा अजून वर्षभर तरी आहेत. पुढच्या शनिवारी पुन्हा सिंहगड. येणार असाल तर या. माझ्या दातांत केळं दिसलं तर सांगा, नाही सांगितलंत तरी चालेल.