मेकाँगच्या काठाकाठाने

आग्नेय आशियात समुद्रकिनारा नसलेला देश एकच, तो लाओस. पाच शेजाऱ्यांच्या मध्ये उभा पसरलेला हा मुलूख सुमारे २,३७,००० चौरस किलोमीटरांचा असला, तरी त्याचा बहुतेक भाग डोंगरांनी व अरण्यांनी व्यापलेला आहे. पूर्वेला व्हिएतनामच्या सीमेवर अन्नम पर्वताची रांग. पश्चिमेला बऱ्याच अंतरापर्यंत थायलंडची सीमा होऊन वाहणारी मेकाँग. भातशेतीची सपाट जमीन मुख्यतः तिच्याच काठाने. लाओ भाषेत नदीला ‘मे नाम’ म्हणतात. ‘मे’ म्हणजे आई, ‘नाम’ म्हणजे पाणी. नद्यांना लोकमाता म्हणणाऱ्या आम्हांला हा शब्द ऐकताच ओळखीचा वाटला.

उत्तरेच्या हुआय सायहून आम्ही लांबट लाकडी नावेने निघालो. लुआंग प्रबांगला पोहोचण्यास दोन दिवस लागतात. रात्रीचा मुक्काम पाकबेंगला. दोन्ही तीरांवर डोंगर थेट पाण्यात उतरलेले, पात्रात काळे कातळ, आणि त्यांच्यामधून मुकाट्याने वाट काढणारा नावाडी. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळावर लोक भाजीपाला लावतात. पावसाळ्यात नदी ती जमीन परत घेते व नवा गाळ ठेवून जाते. सातबाराच्या उताऱ्यावर न चढणारीच ही शेती!

डिसेंबर २०२१ पासून चीनच्या सीमेवरून राजधानी व्हिएन्तियानपर्यंत आगगाडी धावते. लुआंग प्रबांगहून राजधानी आता दोन तासांवर आली आहे. सोय खरी; पण डोळ्यांपुढून जातात ते बोगदेच फार.

लुआंग प्रबांगच्या आग्नेयेस सियांग खुआंगचे उंच, गवताळ पठार आहे. तेथे माणसाहून उंच असे प्राचीन दगडी रांजण शेकड्यांनी विखुरलेले दिसतात. मात्र खुणेच्या दगडांच्या आतूनच चालावे लागते. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर २० लक्ष टनांहून अधिक बॉम्ब टाकले, आणि न फुटलेले कितीतरी अजून मातीत आहेत. काही घरांना बॉम्बच्या रिकाम्या कवचांचेच खांब पाहून आम्हांला बोलणे सुचेना.

पुढचा प्रवास दक्षिणेचा. चंपासकजवळ एका डोंगराच्या शिखरावर निसर्गतःच लिंगाकार सुळका आहे. त्याच्या पायथ्याशी वाट फू हे मूळचे शिवस्थान. पाचव्या शतकातल्या तिथल्या संस्कृत शिलालेखात देवानीक राजाने स्थापिलेल्या तीर्थाचे नाव कुरुक्षेत्र असे आहे!

कंबोडियाच्या सीमेजवळ मेकाँग असंख्य बेटांमधून फाटत जाते व खोन येथे कड्यावरून कोसळते. समुद्रापासून चीनपर्यंत जहाजे नेण्याचे फ्रेंचांचे मनोरथ याच कातळावर फुटले. धबधबा ओलांडण्यासाठी त्यांनी १८९३ साली डोन खोन बेटावर आगगाडीचा रूळ टाकला आणि सुट्या केलेल्या बोटी त्यावरून वर नेल्या. त्या गाडीचे गंजलेले इंजिन आजही तेथे उभे आहे.

जहाजांना अडविणाऱ्या या धबधब्याने माशांना मात्र एक वाट ठेवली होती. हू साहोंग नावाच्या फाट्यातून ते बाराही महिने वर चढत. २०२० पासून त्याच फाट्यावर डोन साहोंगचे विद्युत्-धरण चालू आहे. माशांसाठी शेजारचे प्रवाह खोदून रुंद केले आहेत. पण फाट्यात कोळ्यांनी लावलेले बांबूचे मोठे सापळे काढून टाकण्यात आले.