पोराचा खेळ आणि माझी घाई

गेल्या दिवाळीत धाकट्यासाठी जुना ‘प्लेस्टेशन ४’ विकत घेतला. टीव्हीला जोडून खेळायचे हे यंत्र २०१३ साली बाजारात आले. आठ दिवसांतच त्यातून उफणणीच्या पंख्यासारखा आवाज येऊ लागला आणि तापून ते आपोआप बंद पडू लागले. आत धूळ कोंडली होती.

मी झाकण काढून तडक पंक्चरच्या दुकानात नेले आणि कॉम्प्रेसरची हवा मारली. आतला पंखा भिंगरीसारखा फिरला. धूळ उडाली, पण पंख्याचे बेअरिंगही गेले! पोरगं काही बोललं नाही, नुसतं बघत राहिलं.

तालुक्याला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मामांनी नवा पंखा बसवला आणि समजावले, तेच तुम्हांला सांगतो. आधी प्लग काढा, यंत्र निवू द्या. वायर काढली तरी पॉवर सप्लायमध्ये वीज साठून राहते. ते खोके मुळीच उघडू नका. पंख्याचे पाते काडीने अडवून मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडा. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते. ओले फडके नको. कॉम्प्रेसरच्या हवेला जोर फार आणि तिच्यात पाण्याचा अंशही असतो.

विहिरीवरच्या मोटारीला हात लावताना मी दहादा विचार करतो. पोराच्या वस्तूला मात्र एकदाही केला नाही. आता आम्ही दोघे ओट्यावर बसून ती साफ करतो. ब्रश त्याच्या हाती असतो. मी नुसती काडी धरतो.