आजोबांचा पत्ता

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, सौंसरचे. 1956 साली राज्यपुनर्रचनेत गाव मध्य प्रदेशात राहिले. घरातली मराठीही राहिली. मला पणजीला दरमहा त्यांचे कार्ड यायचे, पत्त्यात ठळक 'जिल्हा छिंदवाडा'.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार. दोन काठांवरून दगडफेक, माणसे जखमी होतात, दगावलीही आहेत. आजी त्या दिवशी आजोबांच्या चपला लपवी. ते निमूट ओसरीवर बसून आईची वेणी घालत!

आजोबा गेले. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात गेले. परवा आजीचा अर्ज भरताना (कारकून मीच ना!) मी नवा जिल्हा लिहिला.

"अन् ह्यांचा कोनता लिवला?" आजीने विचारले.

पतीच्या रकान्यात मी छिंदवाडा लिहिले.