शिनिची चिबा यांचा रांगडा नायक

‘द स्ट्रीट फायटर’ हा १९७४ चा जपानी चित्रपट पाहताना आधी खटकतो तो त्याचा नायक. ताकुमा त्सुरुगी पैशांसाठी हाणामारी करतो. फाशीच्या कैद्याला तो तुरुंगातून सोडवतो. पण त्या कैद्याच्या भावा-बहिणीकडे ठरलेले पैसे नाहीत म्हटल्यावर भाऊ खिडकीतून पडून मरतो आणि बहिणीला हा गृहस्थ चक्क विकून टाकतो. अशा माणसाच्या बाजूने प्रेक्षकाने का उभे राहावे?

उत्तर शिनिची चिबा यांच्या देहात आहे. मासुतात्सु ओयामा यांच्याकडे क्योकुशिन कराटे शिकलेला हा नट पडद्यावर ब्रूस लीसारखा सफाईदार दिसत नाही. तो घुसमटल्यासारखा श्वास ओढतो, चेहरा वेडावाकडा करतो, दमतो. मार बसला की खरोखर कळवळतो. त्यामुळे प्रत्येक ठोसा वजनदार वाटतो.

दिग्दर्शक शिगेहिरो ओझावा यांना नाजूकपणाचे वावडेच! डोक्यावर फटका बसताच पडद्यावर एक्स-रे झळकतो आणि कवटी तडकताना दिसते. हे भडक आहे, थोडे हास्यास्पदही; पण एकदा पाहिले की विसरता येत नाही. अमेरिकेत केवळ हिंसेमुळे या चित्रपटाला ‘एक्स’ प्रमाणपत्र मिळाले.

कथानक विस्कळीत आहे, खलनायकांची तर नुसती गर्दी. तरीही चिबा यांच्यासाठी हा चित्रपट पाहावाच, आणि तोही काटछाट न केलेल्या प्रतीतून. क्वेंटिन टॅरेंटिनोने पुढे ‘किल बिल’मध्ये तलवार घडवणाऱ्या हातोरी हान्झोच्या भूमिकेसाठी याच चिबांना बोलावले.