झिलमिलीची दोरी

खिडकीच्या पडद्याला इतिहास असतो असें म्हटलें तर पुष्कळांना हंसूं येईल. कापडाचा वा बांबूच्या काड्यांचा तो पदार्थ. उन्हाळ्यांत सोडावा, पावसाळ्यांत गुंडाळून ठेवावा, यापलीकडे त्याचा विचार कोण करतो? परंतु कोश चाळतां चाळतां आम्हांस एक मौज आढळली. पट्ट्यांच्या ज्या पडद्यास आपण झिलमिली म्हणतों, त्यास इंग्रज ‘व्हेनिसचा’ म्हणतात.  खिडकीच्या झिलमिलीदार दारास मात्र इटलीचे लोक ‘इराणी’ म्हणतात, आणि फ्रेंचांचेंही मत तेंच!

याहून बोलका शब्द निराळाच आहे. खिडकीच्या जाळीस इटालियन भाषेंत ‘जेलोझिया’ व फ्रेंचांत ‘जालूझी’ म्हणतात, आणि दोहोंचा मूळ अर्थ मत्सर. घरची स्त्री परक्याच्या दृष्टीस पडूं नये, या पुरुषी संशयाची खूण त्या नांवांत राहून गेली आहे. जयपूरचा हवामहाल १७९९ सालीं बांधला गेला. त्याच्या ९५३ खिडक्यांची कारागिरी आम्हांसही मोहक वाटते. पण राजस्त्रियांनीं मिरवणूक पाहावी आणि स्वतः दिसूं नये, ही व्यवस्था त्यांच्यासाठीं दुसऱ्यांनीं ठरविलेली होती, हें विसरवत नाहीं.

झिलमिलीची थोरवी तिच्या दोरींत आहे. १७६९ सालीं लंडनच्या एडवर्ड बेरननें अशा पडद्याचें पेटंट घेतलें. फितींच्या शिडीवर आडव्या पट्ट्या टेकलेल्या असतात. एक दोरी ओढली कीं त्या कलतात, दुसरी ओढली कीं सारा पडदा वर जातो. ऊन अडतें, वारा येत राहतो, आणि किती उजेड घ्यावा हें आंत बसलेल्या माणसाच्या बोटांवर येतें. जुन्या वाड्यांच्या अंधाऱ्या माजघरांत ज्यांनीं जन्म काढला, त्यांना या सोयीचें मोल सांगावयास नको. पुढें लांकडाच्या जागीं ॲल्युमिनियम आलें, प्लॅस्टिक आलें. युक्ति तीच राहिली.

मात्र हीच दोरी लहान मुलांच्या जिवावर उठते. तिच्या फांसांत मान अडकून अमेरिकेंत अनेक बालकें दगावलीं. शेवटीं २०१८ च्या डिसेंबरपासून तेथें तयार विकल्या जाणाऱ्या पडद्यांना मुलाच्या हातीं लागणारी दोरी असूं नये असें ठरलें. मापें देऊन करवून घेतलेल्या पडद्यांचे नियम २०२४ च्या जूनपासून कडक झाले. गळा आवळला गेला कीं मुलास ओरडतां येत नाहीं, त्यामुळें शेजारच्या खोलींतही कांहीं कळत नाहीं. भरल्या घरांत तर, मुलाकडे कोणी ना कोणी पाहत असेलच, असें प्रत्येकास वाटत असतें!

तेव्हां पाळणा किंवा पलंग अशा खिडकीपासून दूर हलवावा. दोरी मुलाचा हात पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर खुंटीस पक्की गुंडाळावी, आणि नवा पडदा घेणें असल्यास बिनदोरीचा मागावा. आमच्याकडे पुढील आठवड्यांत रांगतें नातवंड यावयाचें आहे. दिवाणखान्यांत खुंटी ठोकण्याचें काम सकाळपासून चालू आहे.