पितळखोऱ्याचा कातळ

आपल्या वस्त्यांतून दरवर्षी दीक्षाभूमीला आणि चैत्यभूमीला गाड्या भरून जातात. जळगाव-भुसावळकडची कुटुंबे मुलांना अजिंठाही दाखवून आणतात. पण चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या डोंगरात, अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्या लेण्यांच्याच काळातली पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिकडे पाय वळवणारे आपल्यात फार थोडे. म्हणून आम्ही चार कुटुंबांनी ठरवले की यंदाची दिवाळीची सुटी या डोंगरात घालवायची. भाकऱ्या, ठेचा आणि पाण्याचे कॅन घेऊन आम्ही निघालो. जे पाहिले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

चाळीसगावातून पुढे जाण्याआधी एक गोष्ट मुलांना सांगितली. याच गावात ऑक्टोबर १९२९ मध्ये प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते आणि खानदेशचे काम त्यांच्याकडे होते. स्टेशनवरून त्यांना वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि हाकण्याची सवय नसलेला आपल्यातलाच एक बांधव पुढे बसला. नदीच्या पुलावर टांगा उलटला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. ही हकिकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवली आहे. ज्या गावात बाबासाहेबांना टांगा मिळाला नाही, त्याच गावातून आज आपली मुले जीपमध्ये बसून आपल्या पूर्वजांची लेणी पाहायला जातात. हे अंतर केवढे मोठे आहे ते त्यांना कळायला हवे.

पहिला मुक्काम पाटणादेवी. डोंगरांनी तिन्ही बाजूंनी वेढलेली ही दरी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येते. १९८६ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचे असून जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर (जुने औरंगाबाद) या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. साग, सालई, धावडा, पळस, अंजन ही इथली झाडे. बिबट्याचाही वावर आहे. पावसाळ्यानंतर धवलतीर्थाचा धबधबा आणि केदारकुंड पाहण्यासारखे असते. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ स्थापला होता. तशी नोंद असलेला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख इथल्या देवळात आहे.

जवळच्या कन्हेरगडाच्या अंगाला ‘नागार्जुन कोठडी’ आणि ‘सीतेची न्हाणी’ नावाची लेणी आहेत. नागार्जुन हे नाव ऐकून आमच्यातल्या काहींना वाटले, ही आपलीच. आत पाहिले तर तीर्थंकरांच्या मूर्ती. ही जैन लेणी आहेत. आणि सीतेची न्हाणी म्हणतात तिचाही सीतेशी संबंध नाही, तीही जैनांचीच. लोकांच्या तोंडी बसलेले नाव एक सांगते आणि दगड दुसरेच सांगतो. अशा वेळी दगडाचे ऐकावे. आपल्या कित्येक विहारांना ‘पांडव लेणी’ हे नाव चिकटले आहे. ते खोडून काढायचे असेल तर दुसऱ्यांच्या लेण्यांबाबतही आपण खरेच बोलले पाहिजे.

पाटणादेवीहून पितळखोऱ्याकडे जंगलातून पायवाट आहे, पण माहीतगार माणूस आणि वनखात्याची परवानगी असल्याशिवाय मुलाबाळांना घेऊन तिकडे शिरू नये. आम्ही कन्नडच्या घाटाने वर चढलो. या घाटाला औट्रम घाट म्हणतात. १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे ते नाव. घाटातून खाली पाहिले की खानदेशचे मैदान पसरलेले दिसते आणि शेजारच्या डोंगराला आडव्या रेघा मारल्यासारखे थर दिसतात. एक काळा उभा कडा, त्याखाली गवताळ उतार, पुन्हा कडा. मुलांनी विचारले, हे कोणी कापले?

हे थर लाव्हारसाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस वर आला, पसरला आणि थंड झाला. त्यावर पुन्हा दुसरा आला. असे अनेकदा घडून दख्खनचे पठार तयार झाले. काही थर घट्ट काळ्या दगडाचे, तर काही वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले. त्या छिद्रांत पुढे पांढरी खनिजे भरली. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टाही दिसतो. पाणी-वाऱ्याने मऊ थर झिजतो, त्याचा उतार होतो. घट्ट थर टिकतो, त्याचा कडा होतो. म्हणून डोंगर पायऱ्यांसारखा दिसतो. शास्त्रज्ञ या दगडाला ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला आहे.

घाट चढून कन्नडला पोचलो आणि तिथून पठारावरून पितळखोऱ्याच्या माथ्यावर आलो. वरून लेणी दिसतच नाहीत. सपाट माळ एकदम तुटतो आणि खाली अरुंद, खोल घळ उघडते. पावसाळ्यात याच घळीत धबधबा कोसळतो. पायऱ्या उतरत जावे तसा वारा थांबतो, सावली दाट होते आणि मग कड्याच्या पोटात लेणी दिसू लागतात. भिक्खूंनी ही जागा का निवडली ते सांगावे लागत नाही. वर्षावासाला एकांत हवा आणि पाणी हवे. त्याचबरोबर दान देणाऱ्या उपासकांची ये-जा असलेल्या वाटाही फार लांब नकोत. पैठणकडून खानदेशात उतरणाऱ्या व्यापारी वाटा याच डोंगरातून जात.

एकूण १४ लेणी आहेत. त्यांत चार चैत्यगृहे आणि बाकीचे बहुतेक विहार. घळीच्या एका बाजूला मोठी लेणी, समोरच्या बाजूला स्तूप असलेली लहान लेणी. सर्वांत जुने काम इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाचे मानतात. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात ३७ अष्टकोनी खांबांची रांग होती. काहींवर पाचव्या शतकाच्या सुमाराची बुद्धाची रंगचित्रे अजून पुसट दिसतात. म्हणजे पहिली छिन्नी चालल्यानंतर सहा-सातशे वर्षांनीही इथे धम्म नांदत होता. चौथ्या विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे आणि दाराशी भाले-ढाली घेतलेले दोन रक्षक उभे आहेत. पायऱ्यांजवळ पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे. मागच्या चरातून आलेले पाणी त्याच्या फण्यांतून बाहेर पडावे, अशी सोय त्या कारागिरांनी केली होती. आमच्यातले प्लंबिंगचे काम करणारे एक बंधू तिथे बराच वेळ खाली वाकून पाहत राहिले.

पण पितळखोरे पाहताना मनाला चटका बसतो. पुष्कळ लेण्यांचे दर्शनी भाग कोसळले आहेत, छते पडली आहेत. काही खांबांच्या जागी आता सिमेंटचे आधार आहेत. अजिंठ्याच्या मानाने इथला कातळ कमजोर. डोंगराचे पाणी भेगांतून मुरत गेले, दगड कुजला आणि ढासळला. ज्या कातळाने लेण्यांना जागा दिली, त्यानेच ती मोडली. ही ढासळ थांबलेली नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी याच डोंगरात अतिवृष्टी झाली, कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगावात पुराचे पाणी शिरले, हे अनेक वाचकांच्या लक्षात असेल.

इतके पडूनही नावे मात्र उरली आहेत. ब्राह्मी लिपीतले लहान लहान लेख इथे सापडले. ते कोणा सम्राटाची थोरवी गात नाहीत. पैठणच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या घराण्यातल्या मितदेवाने एक खांब दान दिला. पैठणच्याच संघकाच्या मुलांनी दुसरा दिला. मगिल नावाच्या राजवैद्याने दान केले आणि त्याच्या मुलीचे व मुलाचेही नाव त्यांच्या दानापुढे कोरले गेले. दोन हजार वर्षांपूर्वी मुलीच्या नावाने दान लिहिले जात होते, हे आमच्यातल्या मुलींनी पुन्हा पुन्हा विचारून घेतले.

१९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याने इथला ढिगारा उपसला. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी त्यावर सविस्तर लिहिले. त्या उत्खननात डोक्यावर पात्र धरलेला, हसऱ्या चेहऱ्याचा एक बुटका यक्ष मिळाला. त्याच्या हातावर कोरले आहे की ही मूर्ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली. प्राचीन भारतात कारागिराने आपले नाव लिहून ठेवल्याची उदाहरणे थोडी आहेत. हा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हातावर पोट असलेल्या माणसांना कान्हदास परका वाटायचे कारण नाही.

परत फिरताना एका भिंतीवर दगडाने कोरलेली जोडनावे आणि बदामाची खूण दिसली. शेजारी कोणीतरी कुंकू फासले होते. दोन्ही पाहून वाईट वाटले. आपल्याकडून तरी असे होऊ नये. लेण्यांत निळा रंगही लावू नये, मेणबत्त्या भिंतीला टेकवू नयेत, भाकरीचे कागद आणि बाटल्या पिशवीतून परत आणाव्यात. कड्यांना आग्या मोहोळ असते, म्हणून धूर आणि आरडाओरडा टाळावा. भर पावसात घळीत उतरू नये. दिवाळीपासून माघ पौर्णिमेपर्यंतचा काळ चांगला. खाण्याची आणि पिण्याच्या पाण्याची सोय आपली आपण करावी.

आम्ही स्तूपासमोर बसून त्रिशरण-पंचशील घेतले. घळीत आवाज घुमला. निघण्यापूर्वी आमच्यातल्या एका आजींनी मितदेव, मगिल आणि कान्हदास ही तीन नावे नातवाकडून वहीत लिहून घेतली. घरी गेल्यावर बुद्धविहारात वाचून दाखवायची म्हणाल्या. प्रत्येक वस्तीतून वर्षाला एक गाडी इकडे आली, तर या कातळाची विचारपूस करणारे कोणी आहे, हे सरकारलाही दिसेल.

जय भीम!